दिल्ली आटोपशीर खर्चात: पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी चार-साडेचार दिवसांचं नियोजन

दिल्लीला पहिल्यांदा जाणाऱ्या बहुतेकांच्या हातात एकच यादी असते. लाल किल्ला, कुतुबमिनार, इंडिया गेट, लोटस टेंपल, अक्षरधाम, आणि जमलंच तर आग्रा. मग स्टेशनाबाहेर ‘एका दिवसात पूर्ण दिल्ली’ दाखवणारा कुणीतरी गाठतो, बसमध्ये बसवतो, आणि रात्री मोबाइलमध्ये ढीगभर फोटो असतात, पण कोणती इमारत कुणी बांधली हे घरातल्या एकालाही सांगता येत नाही. खर्चही वाढलेला असतो. तो तिकिटांमुळे वाढत नाही, तिकिटं स्वस्तच आहेत. उत्तरेकडून दक्षिणेला, तिथून पुन्हा मध्यावर अशा उलटसुलट फेऱ्यांत आणि पाय दुखायला लागल्यावर ‘जाऊ दे, टॅक्सीच करू’ म्हणण्यात पैसे जातात.

दिल्ली हे एक शहर नाही. वेगवेगळ्या राजवटींनी शेजारीशेजारी वसवलेली ती पाच-सात शहरं आहेत. दक्षिणेला मेहरौलीचं सुलतानी शहर, मध्ये निजामुद्दीन आणि हुमायूनचा मकबरा, उत्तरेला शाहजहानाबाद म्हणजे आजची जुनी दिल्ली, आणि या सगळ्यांच्या मधोमध इंग्रजांनी आखलेली नवी दिल्ली. म्हणून या लेखातलं सगळं नियोजन एका सूत्रावर बांधलं आहे: एका दिवशी एकच दिल्ली. एवढं पाळलं तर प्रवासखर्च आपोआप आटोक्यात येतो आणि पाहिलेलं लक्षातही राहतं.

पहिली पायरी: महिना आणि वार

फेब्रुवारी ते मार्चचा पहिला पंधरवडा हा सर्वांत चांगला काळ. हवा बरी असते, उन्हाचा त्रास नसतो, शिवाय याच सुमारास राष्ट्रपती भवनातलं अमृत उद्यान काही आठवडे लोकांसाठी उघडतं आणि तिथे प्रवेश मोफत असतो. ऑक्टोबरचा पूर्वार्धही चालेल. दिवाळीच्या आसपासपासून पुढे हवा इतकी खराब होते की दम्याचा त्रास असलेल्यांनी किंवा लहान मुलं बरोबर असलेल्यांनी तो काळ टाळावाच. डिसेंबर-जानेवारीत धुक्यामुळे गाड्या तासन्‌तास उशिरा धावतात. मे-जूनबद्दल काय बोलायचं? हॉटेलं स्वस्त मिळतात, पण पारा पंचेचाळिसाच्या घरात असताना कुतुबच्या दगडी अंगणात कोण उभं राहणार!

वाराचा हिशेब तर महिन्यापेक्षाही महत्त्वाचा, आणि नेमका तोच कुणी करत नाही. सोमवारी लाल किल्ला बंद. राष्ट्रीय संग्रहालय, अक्षरधाम, लोटस टेंपल, गांधी स्मृती, तीन मूर्तीचं प्रधानमंत्री संग्रहालय, रेल्वे संग्रहालय हेही सोमवारी बंद. उलट कुतुबमिनार, हुमायूनचा मकबरा, जंतरमंतर, लोधी गार्डन सोमवारीही उघडी असतात. रविवारी चांदनी चौकातली बरीच दुकानं बंद असतात. शुक्रवारी दुपारच्या नमाजच्या वेळी जामा मशिदीत पर्यटकांना आत सोडत नाहीत. आणि गुरुवारी संध्याकाळी निजामुद्दीन दर्ग्यात कव्वाली असते.

हे सगळं जुळवून पाहिलं तर बुधवारी सकाळी पोहोचून रविवारी संध्याकाळी परतीची गाडी पकडणं सर्वांत सोयीचं. पुढचा दिनक्रम तसाच मांडला आहे. तुमच्या सुट्ट्यांत सोमवार अडकत असेल तर मेहरौलीचा दिवस उचलून सोमवारी ठेवा, बाकी काही हलवावं लागणार नाही. २६ जानेवारी आणि १५ ऑगस्टच्या आधीचे दिवस मात्र टाळा. बंदोबस्तापायी रस्ते अडवलेले असतात आणि स्वातंत्र्यदिनाच्या तयारीसाठी लाल किल्ला आधीपासूनच बंद ठेवतात.

दुसरी पायरी: गाडी

मुंबईहून राजधानी गाड्या आहेत, रात्रीत पोहोचवतात, पण भाडं जास्त. खर्च कमी ठेवायचा असेल तर सीएसएमटीहून सुटणारी पंजाब मेल किंवा वांद्र्याहून सुटणारी पश्चिम एक्सप्रेस पाहा. मिरज, पुणे, मनमाड या बाजूच्या लोकांना गोवा एक्सप्रेस सोयीची, पुणेकरांना झेलमही आहे. नागपूरकरांचं नशीब चांगलं, दक्षिणेकडून दिल्लीला जाणाऱ्या कितीतरी गाड्या तिथूनच जातात. पंजाब मेल किंवा गोवा एक्सप्रेसला साधारण एक दिवस-रात्र लागते. स्लीपरचं भाडं राजधानीच्या थर्ड एसीपेक्षा कितीतरी कमी असतं, पण उन्हाळ्यात आणि वयस्कर माणसं बरोबर असतील तर ती काटकसर करू नये असं माझं मत.

आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. सुट्टीच्या हंगामात त्याच दिवशी सकाळी काढलं तरच खात्रीची जागा मिळते. विमानाने जाणार असाल तर राजधानीच्या टू एसीचं भाडं आणि विमानाचं तिकीट एकदा शेजारीशेजारी ठेवून पाहाच, लवकर काढल्यास फरक बऱ्याचदा नगण्य निघतो.

नवख्यांची गफलत होते ती स्टेशनांच्या नावांत. नवी दिल्ली, जुनी दिल्ली (तिकिटावर नुसतं ‘दिल्ली जंक्शन’ लिहिलेलं असतं), हजरत निजामुद्दीन आणि आनंद विहार ही चार वेगळी स्टेशनं आहेत आणि त्यांच्यात बरंच अंतर आहे. गोवा एक्सप्रेस निजामुद्दीनला संपते, राजधानींपैकी काही नवी दिल्लीला तर काही निजामुद्दीनला. जाताना ज्या स्टेशनावर उतरलात तिथूनच परतीची गाडी सुटेल असं धरून चालू नका.

तिसरी पायरी: मुक्काम

खोलीचं भाडं पाहण्याआधी नकाशात मेट्रोचं स्टेशन पाहा. स्टेशनापासून चालत दहा मिनिटांत असलेली जरा महाग खोली ही रोज दोन वेळा रिक्षा करायला लावणाऱ्या स्वस्त खोलीपेक्षा शेवटी स्वस्त पडते.

नवी दिल्ली स्टेशनाला लागून असलेलं पहाडगंज हा स्वस्त हॉटेलांचा जुना भाग. गल्ल्या गजबजलेल्या, खोल्या लहान, पण स्टेशनापासून चालत जाता येतं. खोली आधी पाहून मगच पैसे द्यावेत. कुटुंब बरोबर असेल तर मी करोल बाग सुचवेन. ब्ल्यू लाइनवर आहे, खाण्याची सोय भरपूर आणि रात्री जरा निवांत. एकटे किंवा मित्रमंडळी असाल तर वसतिगृहासारख्या हॉस्टेलमधला पलंग सर्वांत स्वस्त. गुरुद्वारांच्या यात्री निवासातही ओळखपत्र दाखवून खोली मिळू शकते, पण तिथे गर्दी असते आणि शिस्त पाळावी लागते, म्हणून फक्त त्याच भरवशावर जाऊ नये.

चारही रात्री एकाच ठिकाणी राहा. मध्येच हॉटेल बदलण्यात अर्धा दिवस जातो.

चौथी पायरी: मेट्रो

दिल्लीत मेट्रो २००२ च्या डिसेंबरमध्ये सुरू झाली आणि आज पर्यटकाला लागणारं जवळजवळ सगळं तिच्या दोन मार्गांवर आहे. यलो लाइन (पिवळी) चांदनी चौक, नवी दिल्ली, राजीव चौक, केंद्रीय सचिवालय, हौज खास अशी थेट कुतुबमिनारपर्यंत जाते. व्हायलेट लाइन (जांभळी) लाल किला, जामा मस्जिद, मंडी हाउस, जनपथ, केंद्रीय सचिवालय, खान मार्केट असा फेरा घेते. केंद्रीय सचिवालयाला दोन्ही भेटतात. एवढा नकाशा डोक्यात बसला की झालं.

ऑगस्ट २०२५ मधल्या भाडेवाढीनंतर कमीत कमी भाडं ११ आणि जास्तीत जास्त ६४ रुपये आहे, रविवारी आणि राष्ट्रीय सुट्टीला त्याहून कमी. काउंटरवर पर्यटकांसाठी एक दिवसाचं आणि तीन दिवसांचं अमर्याद प्रवासाचं कार्ड मिळतं. ते आकर्षक वाटतं, पण दिवसाला एकच भाग पाहणाऱ्याला त्याचा पैसा वसूल होत नाही. साधं स्मार्ट कार्ड घ्या, दर फेरीला १० टक्के सवलत मिळते, गर्दीच्या वेळा टाळल्या तर आणखी थोडी. कार्ड मात्र माणशी एक लागतं. चार-पाच जणांचं कुटुंब असेल तर मोबाइलवर एकदम सगळ्यांची क्यूआर तिकिटं काढणं बरं. प्रत्येक स्टेशनावर सामानाची तपासणी होते, पहिला डबा महिलांसाठी राखीव असतो, आणि सकाळी नऊ ते साडेदहा राजीव चौकात गाडी बदलायची वेळ आपल्यावर येऊ देऊ नये.

विमानाने आलात तर टर्मिनल ३ वरून एअरपोर्ट एक्सप्रेस मार्ग थेट नवी दिल्ली स्टेशनाला आणतो. हे मेट्रो स्टेशन रेल्वे स्टेशनाच्या अजमेरी गेट बाजूला आहे, पहाडगंजच्या बाजूला नाही. सामान घेऊन रूळ ओलांडणारा लांबलचक पूल चढावा लागतो, तेवढी तयारी ठेवा.

पाचवी पायरी: दिवसांची वाटणी

*बुधवार, शाहजहानाबाद.* खोलीवर सामान टाकून, अंघोळ करून दहाच्या आसपास लाल किला स्टेशनावर उतरा. शाहजहानने १६३९ मध्ये बांधायला घेतलेला हा किल्ला १६४८ मध्ये पूर्ण झाला. आत शिरताच छत्ता चौकाचा बाजार लागतो, तिथे काही घेऊ नका, तेच बाहेर निम्म्यात मिळतं. मराठी माणसाने दिवाण-ए-खासपाशी मात्र जरा थांबावं. १७६० मध्ये पानिपतावर जाण्याआधी सदाशिवरावभाऊ दिल्लीत आले तेव्हा फौजेच्या पगाराची चणचण होती, आणि याच दालनाच्या छताची चांदी उतरवून त्याचे रुपये पाडले गेले. आज वर पाहिलं की नंतरचं रंगवलेलं लाकडी छत दिसतं. १८५७ नंतर इंग्रजांनी महालांचा मोठा भाग पाडून इथे बराकी बांधल्या. त्या बराकींत आता संग्रहालयं आहेत आणि त्यातलं नेताजी व आझाद हिंद सेनेचं चुकवू नये. सेनेच्या अधिकाऱ्यांवरचे खटले याच किल्ल्यात चालले होते.

बाहेर पडलात की समोर चांदनी चौक. सुरुवातीलाच लाल जैन मंदिर आणि त्याला लागून गौरीशंकराचं देऊळ आहे. हे देऊळ १७६१ च्या सुमारास आपा गंगाधर नावाच्या मराठा सरदाराने बांधलं असं सांगतात. पुढे शीशगंज गुरुद्वारा, जिथे १६७५ मध्ये गुरू तेगबहादुरांना मारण्यात आलं. डोकं झाकून आत जा, लंगरमध्ये जेवा. तिथे पैसे कुणी मागत नाही, आपल्याला वाटलं तर पेटीत टाकावेत किंवा ताटं घासायला हात लावावा. दुपारी सरळ पुढे चालत फतेहपुरीपर्यंत आणि तिथून खारी बावलीच्या मसाल्याच्या बाजारात शिरा. मिरच्यांच्या पोत्यांमधून जाताना ठसका लागतोच, रुमाल हाताशी ठेवा. सायकलरिक्षावाला ‘दस रुपये में सब घुमा दूंगा’ म्हणाला तर हसून पुढे व्हा, तो फेरा शेवटी शालींच्या दुकानात संपतो.

जामा मशीद चारनंतर पाहावी. प्रवेश मोफत आहे, कॅमेऱ्याचे वेगळे पैसे मागतात. गुडघे झाकलेले कपडे हवेत.

*गुरुवार, हुमायून आणि निजामुद्दीन.* व्हायलेट लाइनवरच्या जवाहरलाल नेहरू स्टेडियमला उतरून रिक्षा करा, अंतर दोनेक किलोमीटर आहे. हुमायूनची बेगम हाजी बेगम हिने हा मकबरा बांधवून घेतला, काम १५७२ च्या सुमारास पूर्ण झालं, म्हणजे ताजमहालाच्या कितीतरी आधी. चौकोनी बागेच्या मध्यावर उंच चौथरा आणि त्यावर घुमट, ही मांडणी इथे पाहिली की आग्र्याचा आराखडा कुठून आला हे कळतं. दाराजवळच अष्टकोनी ईसा खानचा मकबरा आहे. तो याहूनही जुना, पण लोक त्याच्यासमोरून न पाहता निघून जातात. १८५७ मध्ये शेवटचा बादशहा बहादूरशाह जफर याच आवारात इंग्रजांच्या हाती लागला.

दुपारी उन्हाचा कडाका असेल तर लोधी गार्डनच्या सावलीत पाठ टेका. सय्यद आणि लोधी सुलतानांची थडगी असलेली ही बाग मोफत आहे आणि दिल्लीकर तिथे खरोखरच डबे घेऊन येतात. संध्याकाळी निजामुद्दीन बस्तीत जा. गल्ल्या अरुंद, चपला सांभाळणारे आणि गुलाबाच्या पाकळ्या विकणारे हाका मारतात, त्याकडे लक्ष देऊ नका. आत निजामुद्दीन औलियांच्या कबरीसमोरच त्यांचे शिष्य अमीर खुस्रो यांची कबर आहे. अंगणात जागा मिळेल तिथे बसून कव्वाली ऐका. गालिबची कबरही याच बस्तीत आहे, अंधार पडण्याआधी पाहून घ्या.

*शुक्रवार, नवी दिल्ली.* सकाळी राष्ट्रीय संग्रहालय. मोहेंजोदारोची नर्तकी इथे आहे. पुस्तकात फोटो पाहून ती मोठी वाटते, प्रत्यक्षात जेमतेम साडेदहा सेंटिमीटर! संग्रहालयातून निघून कर्तव्य पथाने इंडिया गेट आणि राष्ट्रीय युद्ध स्मारक, दोन्ही मोफत. मग गांधी स्मृती. ३० जानेवारी १९४८ ला गांधीजी ज्या वाटेने प्रार्थनेला निघाले ती वाट तिथे पावलांच्या ठशांनी दाखवली आहे. तिथेही तिकीट नाही.

दुपारनंतर कॅनॉट प्लेसच्या बाजूला या. जंतरमंतर, अग्रसेन की बावली (पायऱ्यांची विहीर) आणि बंगला साहिब गुरुद्वारा चालत जोडता येतात. यातल्या दोन ठिकाणी जयसिंग भेटतात, त्यांची गल्लत करू नका. बंगला साहिबच्या जागी मिर्झाराजे जयसिंगांचा बंगला होता. पुरंदरचा तह करणारे ते हेच. १६६४ मध्ये, म्हणजे तहाच्या आदल्याच वर्षी, गुरू हरकिशन तिथे उतरले होते. जंतरमंतर बांधणारे सवाई जयसिंग त्यांचे नंतरच्या पिढीतले वंशज. रात्रीचं जेवण बंगला साहिबच्या लंगरमध्ये करा आणि तलावाकाठी बसा.

*शनिवार, मेहरौली.* कुतुबमिनार स्टेशनावरून मिनार दीड-दोन किलोमीटर, रिक्षा करा. सकाळी लवकर गेलात तर शाळेच्या सहलींच्या आधी निवांत पाहून होतं. मिनाराची उंची ७२.५ मीटर. ऐबकाने सुरू केला, इल्तुतमिशने वाढवला, वीज पडून वरचा भाग पडल्यावर फिरोजशहा तुघलकाने डागडुजी केली. आतला जिना १९८१ च्या चेंगराचेंगरीनंतर बंद आहे. पण मी म्हणेन, मिनारापेक्षा जास्त वेळ शेजारच्या मशिदीच्या खांबांना द्या. पाडलेल्या देवळांचे ते खांब आहेत आणि त्यांवरच्या घंटा-साखळ्यांची नक्षी स्पष्ट दिसते. लोहस्तंभ गुप्तकाळातला. लोखंडात फॉस्फरसचं प्रमाण जास्त असल्याने त्यावर एक संरक्षक थर धरला आणि म्हणून तो इतकी शतकं गंजला नाही.

कुतुबच्या बाहेर पडून बहुतेक लोक परत फिरतात. तुम्ही शेजारच्या मेहरौली पुरातत्त्व उद्यानात जा. प्रवेश मोफत, गर्दी जवळजवळ नाही. जमाली-कमालीची मशीद, बलबनची कबर आणि राजों की बावली, ही अनेक मजली पायऱ्यांची विहीर, एवढं तरी पाहाच. उद्यान विस्तीर्ण आणि निर्जन आहे, म्हणून एकट्याने जाऊ नका, पाणी घ्या आणि चारच्या आत बाहेर पडा. परतताना त्याच यलो लाइनवर दिल्ली हाट आयएनए आहे. खरेदी तिथे स्वस्त नाही, पण वेगवेगळ्या राज्यांचं खाणं एका जागी मिळतं.

*रविवार* मोकळा ठेवा. पुस्तकांचा नाद असेल तर दर्यागंजचा जुना पुस्तकबाजार, जो २०१९ पासून आसफ अली रोडवरच्या महिला हाटमध्ये भरतो. मुलं असतील तर रेल्वे संग्रहालय.

तिकिटं, खाणं आणि बाकीचा खर्च

पुरातत्त्व खात्याच्या कुतुब, हुमायूनसारख्या मोठ्या स्मारकांना भारतीयांसाठी माणशी साधारण ३५-४० रुपये आणि जंतरमंतरसारख्या ठिकाणी २०-२५ रुपये लागतात. ऑनलाइन काढलं तर पाच रुपये वाचतात, पण त्याहून मोठा फायदा म्हणजे रांग वाचते. १५ वर्षांखालील मुलांना तिकीट नाही. वरच्या सगळ्या दिवसांची तिकिटं मोठ्या माणसामागे अडीचशे रुपयांच्या आतबाहेर होतात. मेट्रोला साधारण पाचशे धरा, रिक्षांना वेगळे पाचशे. म्हणजे खरा खर्च गाडीभाडं, खोली आणि जेवण एवढाच उरतो.

जेवणात सकाळी छोले-कुलचे किंवा पराठा, दुपारी राजमा-चावल, असं स्थानिक खाल्लं तर स्वस्तही पडतं आणि चांगलंही मिळतं. पोहे-उपमा शोधत बसलात तर दुप्पट पैसे देऊन बेचव खाल. भाताची फारच आठवण आली तर वेगवेगळ्या राज्यांच्या भवनांची उपाहारगृहं आहेत. अशोक रोडवरच्या आंध्र भवनातली थाळी दिल्लीभर प्रसिद्ध आहे, फक्त दीडच्या सुमारास रांगेची तयारी ठेवा.

रिक्षावाला मीटरने येईल अशी आशा ठेवू नका. मोबाइलच्या ॲपवर भाडं पाहून घ्या आणि तेवढंच सांगा. स्टेशनाबाहेर प्रीपेड रिक्षाची खिडकी असते. ‘तुमचं हॉटेल बंद झालंय’, ‘तिकडचा रस्ता अडवलाय’ असं कुणी आपणहून सांगायला आलं तर न थांबता हॉटेलला फोन लावा.

आग्रा करावं का?

या साडेचार दिवसांत कोंबू नका. आग्र्याला किल्ला आणि ताज मिळून पूर्ण दिवस लागतो, पहाटे निघून रात्री परतावं लागतं आणि ताजच्या मुख्य घुमटाखाली जाण्याचे वेगळे २०० रुपये आहेत. तरीही जायचंच असेल तर सुट्टी एका दिवसाने वाढवा. शुक्रवारी ताज बंद असतो. दुसरा चांगला मार्ग म्हणजे परतीचं आरक्षण दिल्लीऐवजी आग्रा कँटहून काढायचं. पंजाब मेल आणि गोवा एक्सप्रेस दोन्ही तिथे थांबतात, म्हणजे दिल्लीला परत येण्याचं भाडं वाचतं. सामान स्टेशनाच्या क्लोकरूममध्ये ठेवता येतं, पण बॅगेला कुलूप नसेल तर ते घेत नाहीत, म्हणून लहानशी कुलपं घरूनच न्या.